जीबी, एमबी, एमबीपीएस आणि रॅम म्हणजे काय? कोयनेच्या टीएमसीवरून समजून घ्या

"स्टोरेज फुल" असा मेसेज आला की आपण आधी फोटो डिलीट करायला लागतो. पण जीबी म्हणजे नक्की किती, आणि आपले फोटो राहतात कुठे? सातारा-सांगलीकरांना हे समजायला सोपं आहे, कारण पावसाळ्यात आपण रोज टीएमसी आणि क्यूसेकचे आकडे वाचतो.

बिट आणि बाइट

बिट म्हणजे ० किंवा १. असे ८ बिट मिळून १ बाइट होतो. इंग्रजीचं एक अक्षर साधारण १ बाइट घेतं. मराठीत युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार ३-३ बाइट घेतात. म्हणून "सातारा" आणि "सांगली" हे दोन्ही शब्द १८-१८ बाइटचे!

जीबी म्हणजे टीएमसी

* १ केबी = १,००० बाइट
* १ एमबी = १० लाख बाइट
* १ जीबी = १ अब्ज बाइट
* १ टीबी = १,००० जीबी

१ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट पाणी. दोन्हीकडे अब्जच! कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, पण त्यातला मृतसाठा वापरता येत नाही. फोनचंही तसंच. १२८ जीबीमधली काही जागा अँड्रॉइड आणि सिस्टिम ॲप्स आधीच घेतात.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये ५९.६ जीबी दिसतो, ते मात्र वेगळ्या कारणाने. कंपनी १,००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. दुकानदाराने फसवलेलं नसतं.

एमबीपीएस म्हणजे क्यूसेक

टीएमसी हा साठा, क्यूसेक हा वेग. तसंच जीबी हा साठा, तर एमबीपीएस हा इंटरनेटचा वेग. इथे 'बी' म्हणजे बाइट नाही, बिट. म्हणून ८ ने भागायचं: ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. या वेगाने १ जीबीची फाइल यायला साधारण २०० सेकंद लागतात.

रॅम आणि स्टोरेज

फोनवर ८+१२८ लिहिलेलं असतं. त्यातली ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. सांगलीच्या हळदीच्या दुकानाचं उदाहरण घ्या. गोदाम म्हणजे स्टोरेज, काउंटर म्हणजे रॅम. काउंटर मोठा असेल तर एका वेळी जास्त ॲप्स उघडी राहतात. फोन बंद झाला की काउंटर रिकामा, गोदामातला माल तसाच. म्हणून फोटो डिलीट करून रॅम वाढत नाही.

साठवण्याची साधनं

* हार्ड डिस्क: आत चुंबकीय तबकडी फिरते. स्वस्तात जास्त जागा मिळते, पण पडली तर बिघडू शकते.
* एसएसडी: फ्लॅश चिप असते, फिरणारा भाग नाही. वेगवान, पण महाग.
* पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड: हेही फ्लॅशच. न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिलं तर डेटा जाऊ शकतो.
* क्लाउड: दुसरीकडच्या सर्व्हरवरची जागा. गुगल १५ जीबी मोफत देतं, पण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून.

बॅकअप कुठे ठेवायचा?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी फोन, लॅपटॉप आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच कपाटात असेल तर तिन्ही एकदम पाण्यात जातात. आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो. त्यामुळे फोनचा बोर्ड खराब झाला तर नुसती चिप काढून फोटो मिळत नाहीत.

म्हणून ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा: ३ प्रती, २ वेगळ्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. फोनमध्ये एक, हार्ड डिस्कवर दुसरी, क्लाउडवर तिसरी. क्लाउडला जागा नसेल तर डिस्क दुसऱ्या गावच्या मावशीकडे ठेवली तरी चालेल, फक्त सहा महिन्यांनी एकदा जोडून तपासा.

तर मित्रांनो, नवीन फोन किती जीबीचा घ्यायचा हे नंतर ठरवा. आज आधी एवढं बघा, घरातल्या जुन्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे?