डबा उलटा करून पाहा

खेळण्यातल्या आगगाड्यांचे अभ्यासक इंजिनांवर भरभरून लिहितात. कोणते इंजिन कधी निघाले, कोणत्या कारखान्यात घडले, त्याची मोटर केव्हा बदलली, हे सांगणारी पुस्तके फळीभर मिळतील. प्रवासी डब्यांच्या वाट्याला त्यातली मोजकी पाने येतात. म्हणून या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत मी मुद्दाम डब्यांपाशी करतो आहे. इथे करण्यासारखे काम अजून पुष्कळ उरले आहे. साधने म्हणाल, तर एक भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि चिकाटी.

अभ्यासासाठी ब्रिटनमधले ‘डबल ओ’ मापाचे डबे घेऊ. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1938 मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही मालिका बाजारात आणली. तिचे सुरुवातीचे डबे पत्र्याचे. सागवानी लाकडाचे रेषेसुद्धा पत्र्यावर छापलेले. 1950 मध्ये रोव्हेक्स या कंपनीने ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ इंजिन आणि प्लास्टिकचे आखूड डबे असा संच काढला. ते प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट जातीचे, काळाबरोबर वाकणारे. आज त्यातला एखादा डबा सरळसोट दिसला, की जाणकार आधी शंका घेतात आणि मग आनंद मानतात. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्सने रोव्हेक्स घेतली, ‘ट्राय-अँग’ हे नाव आले, 1954 मध्ये कारखाना मार्गेटला गेला. 1964 मध्ये मेकॅनोही लाइन्स ब्रदर्सच्याच हाती आली. 1965 पासून ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ आणि 1972 पासून ‘हॉर्नबी रेल्वेज’ अशी नावे पेट्यांवर झळकू लागली.

पेटीवरचे नाव छापखान्यात बदलते. डब्याच्या पोटाखाली उमटणारे नाव बदलायचे तर पोलादी साच्याला हात लावावा लागतो, आणि ते खर्चिक काम कारखानदार जमेल तितके पुढे ढकलतो. त्यामुळे पेटी एक नाव सांगते, डबा दुसरे, आणि दोघेही खरे बोलत असतात. या अभ्यासाचे सूत्र मला इथेच सापडते: डब्याचा जो भाग बदलायला सर्वांत कठीण, त्याची साक्ष सर्वांत भरवशाची.

चाकांचेच पाहा. डब्लोच्या गाड्या आधी तीन रुळांवर धावत. दोन रुळांची पद्धत तिने 1959 मध्ये आणली. दोन रुळांत वीज एका रुळाने येते आणि दुसऱ्याने परत जाते. म्हणजे एका आसावरची दोन चाके धातूने जोडलेली असतील तर शॉर्टसर्किट ठरलेलेच. तेव्हा चाकांवरून काळ ओळखता यायला हवा. पण आस उपसून दुसरा बसवायला कितीसा वेळ लागतो? आजोबांच्या डब्याला नातवाने नवी चाके लावलेली असतात. डबे जोडणारे कपलिंग बदलायला थोडी जास्त खटपट, तरी तीही घरी होण्यासारखीच. बोगी, म्हणजे चाकांचा सांगाडा, त्याहून बरा साक्षीदार. पण खरी कसोटी लागते ती डब्याच्या अंगाची: लांबी, खिडक्या, छताची कड, साच्याचे सांधे.

लांबीसाठी थोडे गणित लागते. डबल ओमध्ये खऱ्या एका फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे साधारण 1:76. रूळ मात्र 16.5 मिलिमीटरचे, 1:87 या युरोपीय मापाला शोभणारे. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान. 1:87च्या मापात त्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात, म्हणून वरचे अंग वाढवले आणि रूळ तसेच ठेवले. ही विजोड जोडी आजतागायत टिकली आहे. असो. ब्रिटिश रेल्वेचा 1951 पासूनचा ‘मार्क 1’ डबा साडेचौसष्ट फुटी, म्हणून त्याची अचूक प्रतिकृती 258 मिलिमीटर भरायला हवी. जुन्या खेळण्यांत ती क्वचितच भरते, कारण घरातल्या तीव्र वळणांवर लांब डबे घासतात. हॉर्नबीने पुढे ‘मार्क 3’ काढला तोही असाच आखडलेला: खऱ्या डब्याला एका बाजूला आठ मोठ्या खिडक्या, हॉर्नबीच्या जुन्या डब्याला सात. पट्टी नसली तरी मोजता येते.

रंगाबद्दल नवख्यांना सावध करतो. ब्रिटिश रेल्वेने 1949 मध्ये मुख्य मार्गांवरच्या डब्यांना किरमिजी आणि साय असे दोन रंग दिले. लोक त्याला ‘ब्लड अँड कस्टर्ड’ म्हणत. 1956 मध्ये मरून आला, 1965 पासून निळा-करडा. ही साले पाठ करा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. प्रतिकृती या रंगाच्या सालाआधीची नसावी, एवढेच रंग सांगतो. नंतरची किती, ते सांगत नाही, कारण जुने रंग हौसेपोटी आजही छापले जातात. अक्षरे थोडी अधिक बोलकी. ब्रिटनमधला तिसरा वर्ग जून 1956 मध्ये नावापुरता दुसरा झाला (आपल्याकडे ‘थर्ड क्लास’ 1974 मध्ये गेला). जुन्या डब्लो पेट्यांवर ‘फर्स्ट/थर्ड’ असते, नंतरच्यांवर ‘फर्स्ट/सेकंड’.

आणि साचेही गाव बदलतात. एअरफिक्सचा ‘मार्क 2डी’ डबा 1981 नंतर पॅलिटॉयकडे, तिथून डॅपोलकडे आणि 1990च्या दशकात हॉर्नबीकडे गेला. चार नावे, अंग तेच. इथे कंपनीनिहाय याद्या करणारा हमखास फसतो; साचानिहाय नोंद ठेवणारा तरतो. माझ्या मते कंपनीच्या नावावर आधारलेली वर्गवारी आता सोडूनच द्यावी.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. फलाटावर आयसीएफ आणि एलएचबी या दोन जातींचे डबे ओळखणारे कितीतरी जण आपल्यात आहेत. त्यांनाही ठाऊक असते, की निळा म्हणजे आयसीएफ हे खरे नाही, शताब्दीचे एलएचबी डबे निळेच होते. एलएचबीची साडेतेवीस मीटरची लांबी आणि खालची बोगी पाहिल्यावर शंका फिटते. तीच नजर इथे छोट्या मापात लावायची आहे. पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे जोशी संग्रहालय 1998 पासून आहे. धावत्या प्रतिकृती एकदा तिथे निवांत पाहून याव्यात.

एक विनंती मात्र आहे. हाती आलेला जुना डबा घासू नका, रंगवू नका. आधी त्याच्या पोटाचा फोटो काढा, लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. चाके बदलावीच लागली, तर मूळची फेकू नका. पिशवीत घालून, चिठ्ठी लावून त्याच पेटीत ठेवा.