आवर्तांची कुळकथा

निपाणीचा तंबाखू-उत्पादक ज्या नैर्ऋत्य वाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, तोच वारा सह्याद्रीवर चढण्यापूर्वी आफ्रिकेच्या सोमाली किनाऱ्यालगत समुद्राला असा काही ढवळून काढतो की, सुमारे पाचशे किलोमीटर व्यासाचे एक प्रचंड आवर्त तेथे दर पावसाळ्यात जन्म घेते. त्याची नोंद अलेक्झांडर फिंडले या इंग्रज भूगोलज्ञाने १८६६ सालीच करून ठेवली होती. परंतु नाविकांच्या दफ्तरातील अशा नोंदींना शास्त्राची सनद मिळण्यास पुढे दीर्घ काळ जावा लागला.

भोवऱ्यांच्या गतीचे गणित त्याआधी, १८५८ मध्ये, हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने मांडले होते. पुढे १९२१ मध्ये जपानचे साकुहेई फुजिव्हारा यांनी, एकाच दिशेने फिरणारे दोन भोवरे जवळ आले म्हणजे परस्परांभोवती परिभ्रमण करू लागतात, या तत्त्वाकडे हवामानशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. दोघे तुल्यबल असतील आणि त्यांच्या केंद्रांमधील अंतर त्रिज्येच्या सुमारे ३.३ पटींहून कमी झाले, तर त्यांचे पृथक् अस्तित्व टिकत नाही. कडेचे पाणी लांब तंतूंच्या रूपाने बाहेर फेकले जाते आणि गाभे एकजीव होतात. विरुद्ध दिशांनी फिरणारी जोडी मात्र विलीन न होता बरोबरीने मार्गक्रमण करते. या साऱ्या विषयात मला सर्वांत विस्मयकारक वाटतो तो हाच भेद.

अरबी समुद्रातील अशा विलीनीकरणाचा अस्सल दाखला १९७९ च्या पावसाळ्यातला. सोमाली किनाऱ्यावरच विषुववृत्तालगत फिरणारे दुसरे आवर्त ऑगस्टअखेरीस उत्तरेकडे सरकत गेले आणि थोरल्या आवर्ताला जाऊन मिळाले. दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारी, तेव्हा हे मीलन नियमाला धरूनच झाले. दोहोंमधील सरहद्द दाखविणारा, तळातून वर आलेल्या थंड पाण्याचा पट्टा वर सरकत असताना उपग्रहांनी टिपलेल्या तापमानचित्रांत स्पष्ट दिसला. आता तर समुद्रपृष्ठाची उंचीच अवकाशातून मोजली जाते, आणि २०१३ साली श्रीहरिकोट्याहून सोडलेला भारत-फ्रान्सचा ‘सरल’ उपग्रह याच कामासाठी होता.

समुद्राच्या अभ्यासाचे केंद्रही बेळगावपासून फार दूर नाही: खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई जेथे मांडवी होऊन समुद्राला मिळते, त्या परिसरातच, दोनापावल येथे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. बेळगाव-निपाणीच्या शिक्षकांनी पावसाचा धडा घाटमाथ्यापाशी न थांबविता, या आवर्तांपर्यंत अवश्य न्यावा.