पाटी नसलेला ड्रम

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही. आज आहे एक ड्रम. लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवतात ना, तो साइड ड्रम.

आपल्या शहरातल्या एका बँडवाल्या दादांनी तो माझ्याकडे आणला. पितळी अंग, १४ इंच व्यास, ८ स्क्रू. कंपनीची पाटी जिथे असायला हवी तिथे फक्त रिव्हेटची दोन भोकं. दादा म्हणाले, "आजोबांनी छावणीतून आणला होता. गोऱ्या पलटणीचा. एक गिऱ्हाईक चांगले पैसे देतंय, पण ब्रिटिश आहे असं कुणीतरी लिहून द्या म्हणतंय." घरात मुलीच्या फीचा प्रश्न होता. म्हणजे माझ्या दोन ओळींवर बरंच काही अवलंबून होतं.

गोष्ट अशक्य नव्हती. आपली छावणी जुनी. हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणारी फौज, इथे होती. १८५७ च्या जूनमध्ये तिच्याच घोडदळाने इथे बंड केलं. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली. पलटण आली की बँड आला, आणि बँड आला की ड्रम.

पण गोष्ट वेगळी आणि वस्तू वेगळी. वस्तूला विचारायचं तर स्क्रू काढावे लागतात.

स्क्रूने कातडं ताणायची पद्धत तशी नवी. आधी दोरीच असायची, आपल्या ढोलकीसारखी. लंडनच्या कॉर्नेलियस वॉर्डने १८३७ मध्ये स्क्रूच्या ड्रमचं पेटंट घेतलं. पुढे १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं माप ठरवून दिलं आणि इंग्लंडचे कारखाने हळूहळू त्या मापावर आले. अमेरिकेने १८६४ नंतर आपलं वेगळं माप काढलं. गंमत बघा, पाव इंची, म्हणजे आपल्या हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दोन सुताच्या स्क्रूला दोन्हीकडे इंचाला २० च आटे. फरक आट्याच्या कोनात. इंग्रजी ५५ अंश, अमेरिकन ६०.

वाळूजच्या एका लेथवाल्या मित्राकडून थ्रेड गेज आणला. सहा स्क्रूंवर व्हिटवर्थचं पातं चपखल बसलं. उरलेले दोन मिलिमीटरचे, चकचकीत क्रोमचे, उघडच नंतर बदललेले. सहांवर निकेल होतं. क्रोमची झाक निळसर असते, निकेलची किंचित पिवळट. उजेडात शेजारी धरले की कळतं.

दादा खूश. "म्हणजे ब्रिटिशच!"

थांबा म्हटलं. आटे बनवणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, त्याच्याकडे कुठले टॅप आणि डाय होते एवढंच सांगतात. आपल्या देशात मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधी इथला कारागीरही व्हिटवर्थचेच आटे पाडायचा, आणि नंतरही कित्येक वर्षं पाडत राहिला. कातड्यावरूनही काही ठरत नाही. परदेशात १९५७ नंतर प्लॅस्टिकचे पडदे आले, पण आपल्याकडे बकऱ्याचं कातडं चढतच राहिलं. आणि कातडं काय, दर दोन-चार वर्षांनी बदलतं.

सरकारी मालावर असतो तो बाणाचा शिक्का शोधला. नाही. पण त्यावरूनही "पलटणीचा नाही" असं म्हणता येत नाही, कारण बँडची वाद्यं पुष्कळदा अधिकाऱ्यांच्या वर्गणीतून खाजगीत घेतली जायची.

मग घरं काढली. घर म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो तो पितळी तुकडा, ड्रमवाले त्याला लग म्हणतात. आठही घरांच्या पाठीवर ठोकून काढलेले आकडे होते, १ ते ८. आणि ते उर्दू. ड्रमच्या अंगावर, प्रत्येक घराखाली, तोच आकडा.

साच्याने भोकं पाडणाऱ्या कारखान्याला असे आकडे लागत नाहीत, कुठलंही घर कुठेही बसतं. हाताने भोक पाडलं, कानशीने जुळवलं, की मात्र तिसरं घर तिसऱ्याच जागी बसतं. मला शंका आली, हे आपल्याच एखाद्या दुरुस्तीवाल्याचं काम असेल का? निजामाच्या काळात इथेही उर्दू आकडे सगळे वाचायचे. भिंग लावलं. आकड्याच्या खाचेत, अगदी तळापर्यंत, निकेल होतं. म्हणजे आधी आकडे, मग मुलामा. आकडे बनवणाऱ्याचेच.

हा ड्रम इंग्लंडमध्ये बनलेला नव्हता. उर्दू वाचणाऱ्या हातांनी, आपल्याच मुलखात घडवलेला होता. बँडच्या वाद्यांसाठी मेरठची जली कोठी ही गल्ली मशहूर. नादिर अली आणि कंपनीची सुरुवात मेरठला १८८५ मध्ये झाली. पण पाटीशिवाय मेरठचं नाव मी लिहिणार नाही.

दादांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आजोबा खोटं बोलले?"

मी विचारलं, आजोबांचे शब्द काय होते? "छावणीतून आणला." बस. गोऱ्याने बनवला असं ते म्हणालेच नव्हते, ते पुढच्यांनी जोडलं. छावणीत देशी बनावटीचा ड्रम वाजू शकतच होता. आजोबांचं वाक्य अजून उभं आहे, पडलंय ते आपलं.

कागदावर मी जे दिसलं तेच लिहिलं. गिऱ्हाइकाने निम्मी किंमत सांगितली. दादांनी ड्रम परत नेला. फीची सोय दोन लग्नांच्या ॲडव्हान्समधून झाली, असं नंतर कळलं.

तर मंडळी, तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर आधी पितांबरीने घासू नका, खुणा पुसल्या जातात. एक स्क्रू काढा, आटे बघा, घराच्या पाठीवर बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी नेमके कुठले शब्द वापरले होते, ते आजच लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.