कलेजीवरची पाण्याची गाठ आणि दारातला कुत्रा

आमगावच्या आसपास पोळ्याच्या करीला चार-पाच घरं मिळून बकरा कापतात, हिस्से पाडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. कधी कलेजीवर किंवा फुप्फुसावर पाण्याने भरलेली पांढरी गाठ दिसते. तेवढा भाग कापून फेकला जातो आणि तो उचलायला कुत्रा टपलेलाच असतो. या फेकण्यापायी आइसलँड नावाच्या एका अख्ख्या देशाने पूर्वी फार सोसलं.

ही गाठ म्हणजे हायडेटिड. एका जंताचं ते बाळरूप. १८५०च्या सुमारास जर्मनीत सीबोल्ड यांनी मेंढीतल्या गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या, तर कुत्र्यांच्या आतड्यात जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे चपटे जंत तयार झाले. म्हणजे गाठ खाल्ली की कुत्र्यात जंत होतो. जंताची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर येतात. ती बकरीच्या पोटात गेली की पुन्हा गाठ, आणि आपल्या लेकराच्या पोटात गेली तरी गाठच.

आइसलँडमध्ये मेंढ्या अमाप आणि कुत्री घरातच वावरणारी. सहा-सात माणसांत एकाला हा आजार असावा, असा त्या वेळच्या काही डॉक्टरांचा अंदाज होता. १८६३ मध्ये डेन्मार्कहून हाराल्ड क्राबे तिथे गेले. त्यांनी शंभर कुत्र्यांची आतडी तपासली. २८ कुत्र्यांत हा जंत सापडला. पुढच्याच वर्षी त्यांनी साध्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती लोकांना फुकट वाटली गेली. गाठी जाळा किंवा पुरा, कुत्र्याला देऊ नका, असा तिचा सांगावा. १८९०च्या कायद्याने हेच सक्तीचं केलं आणि कुत्र्यांना दरवर्षी जंताचं औषधही. पुढे शवविच्छेदनांत दिसलं, की जुन्या पिढीत गाठी भरपूर होत्या, नंतर जन्मलेल्यांत क्वचितच. माणसांसाठी तोवर शस्त्रक्रियेपलीकडे उपाय नव्हता, तरी आजार ओसरला. मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वात आवडते.

न्यूझीलंडने विसाव्या शतकात हाच मार्ग धरला. तिथे कुत्र्यांना दिलं जाणारं औषध अरेकोलिन, म्हणजे आपल्या सुपारीतलंच द्रव्य! (घरी कुत्र्याला सुपारी चारू नका, ती विषारी ठरते.) आता प्राझिक्वाँटेल आहे, जनावरांच्या दवाखान्यात विचारून ते ठरल्या वेळी द्या.

तुमच्या घरी एवढं पाळा. कच्ची कलेजी-फुप्फुसं कुत्र्याला देऊ नका. द्यायचीच तर अर्धा तास चांगली उकळा. गाठ असेल तर खोल पुरा, कुत्रा उकरणार नाही इतकी. कुत्र्याशी खेळल्यावर मुलांना हात धुवायला लावा, पालेभाजी नीट धुवा. मटण खाऊन किंवा रुग्णाजवळ बसून हा आजार होत नाही.

माणसात ही गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. उजव्या बरगडीखाली जडपणा, दुखणं असेल, तर सोनोग्राफी करा. कुणी पोट चोळून किंवा सुई टोचून गाठ ‘बसवतो’ म्हणाला तर तिथून उठा. ती आत फुटली तर अंगावर तीव्र ॲलर्जी उठते, जीवही जाऊ शकतो. घरात कुत्रा आहे आणि तो काय खातो, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.