गोंदण, न वाचता येणाऱ्या लिपीतले (सातारा–सांगली)

स्वतःला वाचता न येणाऱ्या लिपीतला किंवा न कळणाऱ्या भाषेतला मजकूर अंगावर कायमचा गोंदवून घेणे, आणि त्यातून होणारी फसगत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा प्रकार दोन निरनिराळ्या काळांत आढळतो. जुन्या काळी गोंदवून घेणाऱ्या बाईला कोणतीच लिपी वाचता येत नसे. आज शिकलेली मुले-मुली मोडी, संस्कृत, चिनी, जपानी, अरबी अक्षरे हौसेने गोंदवून घेतात आणि त्यांतले अक्षर न् अक्षर दुसऱ्याच्या भरवशावर अंगावर वागवतात. परक्या लिपीतल्या चुकांची चर्चा बरीच होते. मोडी मात्र आपलीच म्हणून कोणी तपासून घेत नाही, म्हणून या नोंदीत मोडीला जास्त जागा दिली आहे.

दोन्ही जिल्ह्यांचा विचार एकत्र करण्याला कारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातला मोठा भाग जुन्या सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जत्रा, सोयरिकी आणि फिरत्या गोंदणारणींच्या वाटा या सीमेच्या आधीच्या आहेत.

जुने गोंदण : गोंदणारीण दारात किंवा जत्रेत बसे. दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, काजळी पाल्याच्या रसात कालवायची आणि ठिपक्याला ठिपका लावत नक्षी भरायची, अशी रीत होती. वर हळद आणि तेल लावत. तुळस, कमळ, विंचू, लक्ष्मीची पावले, कपाळावरचा किंवा हनुवटीवरचा ठिपका हे नमुने हाताच्या सवयीने येत, त्यांना अक्षरओळख लागत नसे. नाव गोंदताना मात्र कोणीतरी शिकलेला माणूस ते पाटीवर किंवा कागदावर लिहून देई आणि गोंदणारीण त्याची नक्कल करी. लिहून देणाऱ्याने वेलांटी चुकवली तर ती चूक हातावर कायम होई, कारण गोंदणारी आणि गोंदवून घेणारी या दोघींपैकी कोणालाही ती ओळखता येत नसे. १९५१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांची साक्षरता ८.८६ टक्के होती. त्या काळात हातावर धन्याचे नाव असलेल्या बाईची स्थिती डोळ्यांपुढे आणून पाहावी. ते नाव तोंडाने उच्चारायचे नाही ही रीत, आणि डोळ्यांनी वाचायचे तर अक्षर येत नाही. तरी मेल्यावर बरोबर येणारा दागिना तेवढा गोंदणाचाच, अशी श्रद्धा असल्याने त्या नावाचे मोल तिला पक्के ठाऊक होते. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये प्रौढ साक्षरतेची ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. गोंदणाच्या इतिहासात या मोहिमेची नोंद घ्यायला हवी, कारण अक्षर शिकलेल्या बाईला आपल्या हातावर काय लिहिले आहे हे स्वतः पाहता येणे मोहिमेमुळे शक्य झाले.

जुन्या हातांवरची नावे आज पाहिली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. कातडीखालची काजळी वर्षानुवर्षे पसरत जाते, रेषा जाड आणि निळसर-हिरवी होते, आणि अक्षरांमधल्या बारीक फटी बुजतात. देवनागरीत भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीवर उभा आहे. ध आणि घ यांचेही तसेच. ब चे पोट भरले की आतली तिरकी रेघ दिसेनाशी होते आणि व उरतो. म्हणजे गोंदताना बरोबर असलेला ‘भाऊ’ तीस वर्षांनी ‘माऊ’ होऊ शकतो आणि ‘धन’चा ‘घन’. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटला तर तोही गेला. बारीक अक्षरात लांबलचक मजकूर गोंदवणाऱ्यांनी एखाद्या वडीलधाऱ्या बाईचा हात जवळून पाहावा.

मोडी : परंपरा या लिपीचा संबंध देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याच्याशी जोडते. उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रज अमदानीतले वळण एकमेकांपासून इतके वेगळे आहे की एक वळण सराईतपणे वाचणारा दुसऱ्यापाशी अडखळतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दप्तरांत आणि घरच्या पत्रांत मोडी चालू होती. या भागाचा तर मोडीशी विशेष संबंध आहे. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रे वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जुन्या कागदांचा मोठा संग्रह उभा केला. ज्या मातीत हे काम झाले तिथल्या आजच्या बहुतेक तरुणांना आपल्या पणजोबांचे खरेदीखत वाचता येत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा सरकारी कचेऱ्यांना मोडी वाचणारी माणसे हुडकावी लागली.

अशा वेळी मोडीत नाव गोंदवण्याची हौस वाढली आहे. ही हौस प्रेमातून आलेली आहे आणि तिचा आदरच केला पाहिजे. धोका लिपीच्या स्वभावात आहे. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढतो आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. दोन शब्दांत जागा सोडण्याची पद्धत नाही. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ कागदावर सारखेच दिसतात. पत्रात मागचापुढचा मजकूर असतो, त्यावरून वाचणारा अर्थ लावतो. मनगटावर एकटाच शब्द असतो, त्याला संदर्भाचा आधार नाही.

त्यात संगणकाची भर पडली. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली. मोडीच्या नावाने फिरणारे काही फाँट मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक मोडी आकार ठेवून मोकळे होतात. जुन्या लेखणीत काना अक्षराला जोडताना अक्षराचा आकारच बदलतो, जोडाक्षराला वेगळे वळण मिळते. ते या फाँटात उतरत नाही. त्यातून निघालेले नाव धड शिवकालीन नसते की पेशवेकालीन. जुने कागद रोज हाताळणाऱ्यालाही ते लावायला वेळ लागतो.

राजमुद्रा : साताऱ्यात आणि सांगलीत दंडावर, छातीवर शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा गोंदवलेली अनेकदा दिसते. हिची अडचण वेगळी आहे. लिपी देवनागरी असल्याने अक्षरे प्रत्येकाला वाचता येतात, पण भाषा संस्कृत असल्याने त्यातली चूक कळत नाही. ‘वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ या एका संधियुक्त रचनेत दोन रफार आहेत, शिवाय ष्णु आणि श्व ही जोडाक्षरे. रफार एक अक्षर मागे-पुढे सरकला की शब्द मोडतो. ‘शाहसूनोः’ याचा अर्थ शहाजींच्या पुत्राची. त्याचा विसर्ग नक्षीतला ठिपका समजून गाळला, तर षष्ठी विभक्तीच जाते आणि मुद्रा कोणाची हे सांगणारा शब्द अपुरा राहतो. ‘भद्राय’ म्हणजे कल्याणासाठी. त्यातला एक काना सुटला की शब्दाला अर्थ उरत नाही. अनुस्वाराऐवजी ‘वन्दिता’ असे लिहिलेले आढळते, ती चूक नव्हे. काही जण हीच मुद्रा मोडीत गोंदवून मागतात. त्याला इतिहासाचा आधार नाही. महाराजांच्या पत्रांत मजकूर मोडीत असला तरी मुद्रेचा लेख देवनागरीत आहे. महाराजांवरची निष्ठा अंगावर कोरायची, तर त्यांची मुद्रा होती तशीच उतरली पाहिजे, यात तडजोड नको.

देवनागरीचे संगणकी अपघात : नमुना संगणकावर तयार होतो, छापला जातो, तिथून स्टेन्सिल कागदावर आणि मग कातडीवर. भारतीय लिप्यांची सोय चालू नसलेल्या चित्रप्रणालीत मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाते, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसतात. फ्लेक्सच्या दुकानांतल्या जुन्या फाँटांतला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला तर तो रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन बसतो. उर्दू-अरबीत हा अपघात अधिक वाईट. ज्या अक्षरांनी एकमेकांचा हात धरायचा ती सुटी होतात आणि उजवीकडून चालणारी ओळ डावीकडून लागते. तपासून घ्यायचे झाले तर मिरजेत उर्दू वाचणारे आणि जत तालुक्याच्या सीमाभागात कन्नड वाचणारे सहज भेटतात.

परक्या लिप्या : अमेरिकेतल्या टॅटूच्या दुकानांत इंग्रजी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षरासमोर एक चिनी वाटणारे चिन्ह दिलेला तक्ता वर्षानुवर्षे फिरत होता. चिनी लिपी अशी चालतच नाही, त्यामुळे त्या तक्त्यावरून गोंदवलेल्या नावांना काही अर्थ नाही. २०१९ मध्ये गायिका आरियाना ग्रांदे हिने ‘सात अंगठ्या’ या आपल्या गाण्याचे नाव जपानीत तळहातावर गोंदवले. वेदनेमुळे मधली अक्षरे गाळली आणि उरलेल्या दोन अक्षरांचा जपानीत अर्थ निघाला कोळशाची लहान शेगडी. नंतर एक अक्षर वाढवून दुरुस्ती केली, तीही नीट जमली नाही.

फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याच्या हातावरचे पत्नीचे नाव मराठी वाचकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. २००० च्या सुमारास त्याने ‘व्हिक्टोरिया’ देवनागरीत गोंदवले आणि हिंदीत व पुरेसा असताना जादा ह घातला म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांनी ते चुकीचे ठरवले. मराठीत मात्र हा उच्चार व्ह नेच लिहितात. बोरीबंदरच्या स्थानकाचे जुने नाव पिढ्यान्‌पिढ्या याच अक्षराने छापले गेले. हातावरचे अक्षर हिंदी वाचकाला चूक आणि मराठी वाचकाला बरोबर आहे. लिपी एक असली तरी लेखनाचे नियम भाषेचे असतात, हे सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

जागेचा प्रश्न अर्थाइतकाच नाजूक आहे. २०१५ मध्ये बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन पर्यटकाला नडगीवर यल्लम्मा देवीचे चित्र गोंदवल्याबद्दल जमावाने अडवले आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेले. सौंदत्तीच्या यल्लम्माला सातारा-सांगलीकडून बैलगाडीच्या काळापासून भाविक जातात. देवीचे नाव वा रूप पायावर नसावे हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. परक्या देवतेबद्दल तेवढी माहिती आपल्याला असतेच असे नाही.

सैन्यभरती : गोंदणामुळे भरती हुकण्याचा धोका या भागापुरता सगळ्यांत खर्चिक आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी मुले दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव दिसतात. भूदलाच्या नियमाप्रमाणे कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस किंवा तळहाताच्या पाठीमागे चालते. शरीरावर इतरत्र असेल तर उमेदवार अपात्र ठरतो, रूढीने गोंदवणाऱ्या आदिवासी समाजांना सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत सलामी न देणारा डावा हात आणि त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी आकार अशी अट असते. दंडावरची किंवा छातीवरची मुद्रा कितीही शुद्ध असली तरी मैदान मारलेल्या मुलाला वैद्यकीय तपासणीत ती अडवते.

आरोग्य : निर्जंतुक न केलेल्या सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. एकच सुई अनेकांना वापरणारे जत्रेतले यंत्र टाळावे.

काढणे : लेझरने, अनेक बैठकांत. काळी शाई तुलनेने लवकर जाते, रंगीत चिवट असते. सावळ्या कातडीवर डाग राहू शकतो.

तपासणीची रीत : मोडी प्रशिक्षणाचे वर्ग राज्याचे पुराभिलेख संचालनालय घेते, संस्कृतासाठी वाईसारखे गाव सातारा जिल्ह्यातच आहे. नमुना कागदावर छापून घ्यावा आणि एकमेकांशी बोलणे न झालेल्या दोन जाणकारांपुढे ठेवावा. काय लिहायचे होते ते आधी सांगू नये, कारण अपेक्षित शब्द ऐकला की डोळा तोच वाचतो. ‘हे काय लिहिले आहे?’ एवढेच विचारावे. दोघांनी न अडखळता तोच शब्द वाचला, तर तो कागद घेऊन गोंदवायला जावे आणि स्टेन्सिल कातडीवर उमटल्यावर, सुई लागण्यापूर्वी, तो एकदा कागदाशी ताडून पाहावा. आरशात पाहून ताडू नये, आरशात अक्षर उलटे दिसते.