आंबोलीच्या जंगलातून बोलणारी वकील

हेडफोन लावलेत? मग आजचा भाग तुमच्यासाठीच. कारण आजची गोष्ट लपून बोलणाऱ्यांची आहे, आणि लपून ऐकणाऱ्यांचीही.

सुरुवात आमच्या रत्नागिरीच्या घरातून करतो. माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. गणपतीच्या आधी साफसफाई करताना त्यात त्यांच्या शाळेतला जिल्ह्याचा नकाशा सापडला. वर मंडणगड आणि खाली थेट वेंगुर्ला, सावंतवाडी. मी म्हटलं, नकाशा चुकलाय. आजोबा हसले. म्हणाले, "नकाशा बरोबर आहे रे, तूच उशिरा जन्मलास." खरंच होतं ते. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आपला रत्नागिरी जिल्हा गोव्याच्या वेशीला भिडलेला होता. त्या नकाशात आंबोली होती, बांदा होतं, आणि बांद्याच्या पुढे, हद्दीपलीकडे पत्रादेवी.

आंबोलीला आपण सगळे गेलोय. धबधबा, धुकं, भजी, मक्याचं कणीस, रील. पण १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये याच आंबोलीच्या जंगलात एक ट्रक उभा होता आणि त्यात एक रेडिओ स्टेशन होतं, हे मला वयाच्या तिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्या स्टेशनवरून बोलणारी बाई कायदा शिकलेली होती. नाव लिबिया लोबो. पुढे लिबिया लोबो सरदेसाई.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर गोष्ट अर्धीच कळेल.

१९४७ ला आपण स्वतंत्र झालो, गोवा झाला नाही. तिथे पोर्तुगालच्या सालाझारची हुकूमशाही होती. छापलेला प्रत्येक कागद आधी सेन्सॉरकडे जायचा. गोव्यातली जुनी माणसं सांगतात की लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता येत नसे. सरकारविरुद्ध बोललं की लष्करी न्यायालय. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा या नेत्याला १९४६ मध्ये अशाच न्यायालयानं ८ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालला किल्ल्यात नेऊन ठेवलं. ते पुढे पोर्तुगालमधून निसटून १९५३ मध्ये मुंबईला पोचले. मुंबईतल्या ज्या गोवेकर तरुणांनी त्यांच्यासोबत काम केलं, त्यांच्यात लिबिया होत्या.

जन्म १९२४ चा, पर्वरीचा. वाढल्या मुंबईत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सेन्सॉर खात्यात नोकरी केली, म्हणजे लोकांची पत्रं उघडून वाचायची. मग आकाशवाणीत ग्रंथपाल. आणि सोबत कायद्याचं शिक्षण. आता बघा, सेन्सॉर कसा चालतो हे आतून पाहिलेलं, रेडिओची इमारत माहितीची आणि कायद्याची भाषा हाताशी. पुढे काय होणार याची तयारी नकळत होऊन बसली होती.

मग आला १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून हजारो सत्याग्रही गोव्यात शिरले, हातात काही नाही. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून जास्त माणसं मेली, त्यातली काही पत्रादेवीला. म्हणजे आजोबांच्या नकाशाच्या अगदी कडेला. त्यानंतर भारतानं हद्द बंद केली. रेल्वे थांबली, माल थांबला, माणसं थांबली. गोव्यातल्या माणसाला बाहेरचं कळायला एकच आवाज उरला, पणजीच्या सरकारी 'एमिसोरा द गोवा'चा.

आता हद्दीवरून माणूस जाऊ शकत नाही, कागद जाऊ शकत नाही. पण हवेतून आवाज जाऊ शकतो.

आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली होती. तिथे पोर्तुगीजांचे दोन वायरलेस संच हाती लागले होते. तेच दुरुस्त करून, बदलून त्यांचा ट्रान्समीटर केला. म्हणजे यंत्र पोर्तुगीजांचं आणि बोलणं त्यांच्याच विरुद्ध. २५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या जंगलातून पहिलं प्रसारण झालं. सोबत होते वामन सरदेसाई आणि निकोलाव मिनेझिस. स्टेशनचं नाव कोंकणीत 'सोडवणेचो आवाज' आणि पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबेर्दाद'. पुढे मुक्काम हलला कॅसलरॉकला, गोव्याच्या दुसऱ्या अंगाच्या घाटात. मिनेझिस काही काळानं बाहेर पडले. उरले दोघं, लिबिया आणि वामन. जंगल, पाऊस, आणि रोजचा कार्यक्रम.

तुम्ही म्हणाल, आंबोली तर भारतात. मग लपायचं कुणापासून?

हा प्रश्न मलाही पडला होता. एक म्हणजे पोर्तुगीजांचे हेर. पण मोठं कारण कायद्याचं आहे, आणि इथेच मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पोर्तुगालनं १९५१ मध्ये आपली घटना बदलली आणि वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असं नाव दिलं. म्हणजे गोवा ही वसाहत नाहीच, लिस्बनसारखाच पोर्तुगालचा तुकडा! १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात आला आणि ८ दिवसांत, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मागणी काय, तर दादरा-नगर हवेलीपर्यंत आम्हाला भारतातून वाट द्या. तारखा जुळवून बघा. इकडे आंबोलीत स्टेशन सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. तिकडे जगासमोर भारताला शांततेनं वागणारा देश म्हणून उभं राहायचं होतं. अशा वेळी आपल्या हद्दीतून असं स्टेशन उघडपणे चालणं अडचणीचंच. म्हणून ते चाललं, पण त्याचा पत्ता नव्हता.

खटला १९६० पर्यंत रेंगाळला. न्यायालयानं सांगितलं की १९५४ मध्ये पोर्तुगालला साध्या नागरिकांसाठी, मुलकी अधिकाऱ्यांसाठी आणि मालासाठी वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांच्यासाठी नव्हता. आणि भारतानं काही बेकायदा केलेलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं पोर्तुगालच्या ताब्यातल्या ज्या प्रदेशांना स्वशासन नाही त्यांची यादी केली, त्यात गोव्याचं नाव आलं. 'प्रांत' हा शब्द तिथे टिकला नाही.

पण विचार करा. हा सगळा दावा कुणाच्या घराबद्दल होता? गोव्यातल्या माणसाच्या. आणि त्यालाच यातलं काही कळू दिलं जात नव्हतं. तुमच्या घराचा खटला चालू आहे आणि तुम्हाला तारखाच माहीत नाहीत, असं झालं हे. आंबोली आणि कॅसलरॉकच्या त्या स्टेशननं नेमकं हे काम केलं. भारताच्या संसदेत काय झालं, संयुक्त राष्ट्रसंघात कोण काय बोललं, आफ्रिकेत अंगोलात काय पेटलंय, पणजीचा रेडिओ काल काय म्हणाला आणि त्यात खोटं काय, हे रोज कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सांगायचं. त्यांनी अशिलाला त्याच्याच खटल्याची खबर दिली. वकिलाचं पहिलं काम तेच नाही का?

मग हा प्रचार होता का? होता. तटस्थ बातम्या नव्हत्या त्या, एका बाजूच्याच होत्या, आणि इतिहास सांगताना ते लपवू नये. पण ज्या गावात एकच भोंगा वाजतो, तिथे दुसरा आवाज एका बाजूचा असला तरी लोकांना तुलना करता येते. एवढं मात्र मी तिच्या बाजूनं बोलेन.

असं सहा वर्षं चाललं. सहा वर्षं, मंडळी! आपण चार एपिसोड केले आणि लाइक आले नाहीत की कंटाळतो. यांना ना लाइक, ना कमेंट, ना नाव. ऐकणाऱ्यांना आवाज माहीत, चेहरा नाही.

डिसेंबर १९६१. सैन्य हद्दीवर जमलं, तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना शरण येण्याचं आवाहन याच स्टेशनवरून गेलं. सालाझारचा हुकूम होता शेवटपर्यंत लढायचा. गव्हर्नरनं तो मानला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती दिली. त्यानंतर लिबिया आणि वामन हवाई दलाच्या विमानात बसले. विमानाला कर्णा लावलेला. खाली गोवा, आणि वरून त्या कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सांगत होत्या की तुम्ही मोकळे झालात. जी बाई सहा वर्षं जंगलात लपून बोलली, ती त्या दिवशी आभाळातून बोलली.

पुढे दोघांनी लग्न केलं. लिबिया गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. मग वकिलीचा कोट चढवला आणि ज्या गोव्यात पूर्वी लष्करी न्यायालयं बसत होती तिथे उघड्या कोर्टात उभ्या राहिल्या. महिलांची सहकारी बँक उभी करण्यातही त्यांचा हात होता. वामन सरदेसाई अंगोलात भारताचे राजदूत झाले, ज्या अंगोलाच्या बातम्या त्यांनी जंगलातून दिल्या होत्या त्याच देशात. लिबियांना पद्मश्री जाहीर झाली जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

शंभर वर्षं म्हणजे फारच उशीर. पण गोव्यानं निदान नाव तरी लक्षात ठेवलं. आपण? आंबोली तेव्हा आपल्या जिल्ह्यात होती आणि आपल्या शाळेत हा धडा नव्हता. टिळक रत्नागिरीचे, कायदा शिकून वर्तमानपत्रात उतरलेले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच वाटेवरची ही बाई आपल्या घाटात राहून गेली, ते मात्र निसटलं.

आजोबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा आमच्याकडे रेडिओच नव्हता रे." म्हणजे इतक्या जवळून तो आवाज गेला आणि आमच्या घरानं तो ऐकलाच नाही. म्हणून हा भाग केला, साठ-सत्तर वर्षं उशिरानं का होईना.

पुढच्या वेळी आंबोलीला गेलात तर दोन मिनिटं गाडीतलं गाणं बंद करा आणि जंगलाकडे बघा. घरी कुणी जुनं माणूस असेल, विशेषतः सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडचं, तर विचारा की हा आवाज ऐकला होता का. आणि त्यांनी सांगितलेलं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. नंतर विचारायचं म्हणून थांबू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.