पेटीतली हवा

गाडीत सबवूफर बसवायचा ठरला की गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारते. स्पीकर किती इंची, आणि अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा? पेटीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. ती दुकानदार सुताराकडून करून आणतो, वर काळे कार्पेट चिकटवतो आणि डिकीत ठेवून देतो. अशा पेट्या करणाऱ्या एका मिस्त्रींना मी विचारले होते, की आतली जागा किती लिटरची ठेवता? ते म्हणाले, "लिटर कशाला मोजायचं साहेब, डिकीत बसंल तेवढं करायचं." या उत्तराला हसण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाचा निम्मा काळ उलटेपर्यंत शिकल्यासवरल्या अभियंत्यांचे कामही बरेचसे अंदाजानेच चालले होते. तो अंदाज जाऊन तिथे हिशेब कसा आला, हा या लेखाचा विषय.

आधी एक गोंधळ दूर करू. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतात, तेव्हा तो बोलला पाहिजे, तारेबरोबर घुमला पाहिजे, हीच अपेक्षा असते. स्पीकरच्या पेटीचे नेमके उलटे. तिच्या भिंती मुक्या हव्यात. त्या थरथरल्या तर मूळ आवाजात नसलेला स्वतःचा सूर त्यात मिसळतात. म्हणून १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ वापरतात आणि आतून आडवे टेकू देतात. वाजायचे ते स्पीकरच्या कोनाने आणि आतल्या हवेने, लाकडाने नव्हे.

पेटी मुळात लागते कशाला? १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचे मूळ रूप सिद्ध केले. कागदाचा कोन, त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे आणि त्याभोवती चुंबक. हा कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलटे. बारीक, चढ्या सुरांना याने फारसा फरक पडत नाही. खर्जाचे मात्र तसे नाही. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते. एवढी लांब लाट हातभर रुंदीच्या स्पीकरला सहज वळसा घालते, मागची पुढचीला भेटते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. उघडा वूफर हातात धरून वाजवला तर कोन जोरजोरात हलताना दिसतो, पण खर्ज ऐकू येत नाही, तो यामुळे. पेटीचे पहिले काम म्हणजे मागच्या आवाजाला कोंडून ठेवणे.

कोंडण्याऐवजी त्याला कामाला लावावे, ही कल्पना बेल लॅबच्या आल्बर्ट थुरासची. त्याने १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मिळाले. बंद पेटीला एक भोक ठेवायचे आणि त्यातून आत नळी सोडायची. रिकाम्या घड्याच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात त्याचे गणित मांडून ठेवले होते. पेटी म्हणजे घडा, नळी म्हणजे त्याचा गळा. त्या ठरावीक सुराच्या आसपास मागचा आवाज नळीतून सुलटा होऊन बाहेर पडतो आणि पुढच्याला साथ देतो. पण घडा केवढा, गळा केवढा? इथे पुढची तीस वर्षे करून बघण्याचाच मार्ग होता.

थुरासने अर्ज केला त्याच साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीने मोटोरोला नावाचा गाडीतला रेडिओ बाजारात आणला. बातम्या आणि गाणी कळली तरी पुरे, असा तो काळ. पुढे कितीतरी वर्षे गाडीतल्या स्पीकरला स्वतंत्र पेटी मिळाली नाही. दरवाजाची पोकळी हीच त्याची पेटी. मागच्या काचेखालच्या फळीत लंबगोल स्पीकर बसवले की खालची अख्खी डिकी पेटी होई. आपल्याकडच्या अँबॅसिडर आणि फियाटवाल्यांनीही हेच केले. उपाय वाईट नव्हता, फक्त डिकीतल्या स्टेपनीसकट प्रत्येक वस्तू तालात खडखडायची.

मोठी उडी १९५४ ची. तोवर चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी घरात आणावी लागे. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या एडगर विल्चर यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. कोनाला जागेवर परत आणणारी कडा ताठ असते आणि कोन लांब सरकला की तिचा ताण वेडावाकडा होतो. मग ती कडा मुद्दाम ढिली ठेवली आणि परत ढकलण्याचे काम छोट्या, हवाबंद पेटीतल्या हवेवर सोपवले तर? हवेची स्प्रिंग त्या कडेपेक्षा फार इमानी निघाली. त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस याला जोडीला घेऊन विल्चर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. तिचा एआर-१ हा स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावत होता. विल्चर यांचे पेटंट मात्र ऑल्सन आणि प्रेस्टन यांच्या आधीच्या पेटंटमुळे पुढे टिकले नाही. त्यांचे नुकसान झाले, पण छोटी बंद पेटी सगळ्यांना खुली झाली. आज डिकीत बसणारी पेटी हिचीच वंशज.

या छोटेपणाची किंमत काय, हे क्लॉसचा भागीदार अँटन हॉफमन याने नेमके सांगितले. प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा हा मुलगा. खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावी लागते. गाडीवाल्यांनी तिसरी सोडली आणि वॅट वाढवले.

हिशेब आला तो अमेरिकेतून नव्हे, ऑस्ट्रेलियातून. १९६१ साली नेव्हिल थील या अभियंत्याने तिथल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात नळीच्या पेट्यांवर निबंध लिहिला. त्याची दृष्टी अशी, की स्पीकर आणि पेटी मिळून एक विद्युत फिल्टरच आहे. फिल्टरचे गणित अभियंत्यांना पाठ होते, ते त्याने इथे लावले आणि २८ तयार जुळण्यांचा तक्ता दिला. दहा वर्षे त्या निबंधाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापला. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत ते काम बंद पेटीपर्यंत नेऊन पूर्ण केले. स्पीकरच्या खोक्यात येणाऱ्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे असतात, ते या दोघांचे. तो कागद बहुतेक जण फेकून देतात.

त्याचा उपयोग एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. बारा इंची स्पीकर, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर. बंद पेटी ४० लिटरची धरली, तर ६० भागिले ४० म्हणजे १.५, त्यात १ मिळवून २.५, त्याचे वर्गमूळ १.५८, आणि त्याला ०.४५ ने गुणले की ०.७१. हा आकडा ०.७ च्या जवळ असला की खर्ज सपाट आणि आटोपशीर येतो. पेटी २० लिटरची केली तर तो ०.९ होतो आणि ढोलासारखा धपका येऊ लागतो. ४० लिटर म्हणजे आतून ५० गुणिले ३२ गुणिले २५ सेंटिमीटर. स्पीकर स्वतः आत जागा खातो, तेवढी वाढवून घ्यायची. मिस्त्रींना हे कळायला पाच मिनिटे पुरली. सांधे गोंद आणि सिलिकॉनने बुजवण्यात तर त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पक्का.

गाडी स्वतःही मदत करते. बंद केबिनची लांबी पावणेतीन मीटर धरली, तर साधारण ६० हर्ट्झच्या खाली लाट तिथे मावतच नाही. अख्ख्या केबिनमधला दाबच वरखाली होतो आणि खर्ज आपोआप चढतो. म्हणून घरात पोकळ वाटणारी बंद पेटी गाडीत भरीव वाजते. नळीच्या पेटीला जोर जास्त, पण धोकाही आहे. तिच्या ठरावीक सुराखाली कोनाला हवेचा आधार उरत नाही आणि तो फाटू शकतो.

१९८० मध्ये रोलंड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र आले, तीन वर्षांत बंदही पडले. पण मायामीच्या संगीतकारांनी त्याच्या लांबवलेल्या ढोलावर एक अख्खी शैली उभी केली, आणि ती वाजवण्याची जागा होती गाडी. गाणेच डिकीसाठी रचले जाऊ लागले. तिथून हा खर्ज आपल्या टेम्पो-ट्रॅक्टरपर्यंत आला. पेट्या बदलल्या, मोठ्या झाल्या, केबिन सुटली आणि गाडीतला आवाज रस्त्यावरचा झाला. पश्चिम महाराष्ट्रात या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी हे १९६३ ते ६५ युनेस्कोतर्फे भारतात सल्लागार होते, आणि त्यांची कीर्ती ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याबद्दल. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव गोंगाटाला चिकटले.

भिंतीआड झोपलेल्या आजाऱ्याला किंवा तान्ह्या मुलाला त्रास होतो तो मुख्यतः खर्जाचा, कारण काच-विटा त्याला अडवत नाहीत. आपले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, तीही 'ए' पट्टीवर मोजून. ही पट्टी कानाच्या संवेदनेवरून ठरली, आणि ते मूळ संशोधन १९३३ साली थुरासच्याच बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी केले होते. हळू आवाजात आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ४० हर्ट्झला 'ए' पट्टी जवळपास ३५ डेसिबल वजा करते. छातीत धडधडणारा ९० चा खर्ज मापकावर ५५ दिसतो. बहुतेक मापकांवर शेजारीच 'सी' पट्टीचे बटण असते. ती त्याच सुराला फक्त २ डेसिबल कापते.